फिल्टर बदलला

उधना तीन रस्त्याच्या सिग्नलला नूतनने स्कूटर थांबवली, आणि डाव्या हाताला मजूर नाक्यावर तिला उखा दिसला. बांधकामाला, मालाच्या चढ-उताराला माणसं हवी असली की मुकादम सकाळी तिथे येतात. साठ-सत्तर बायाबाप्ये रस्त्याच्या कडेला डबे घेऊन ताटकळत असतात. त्यांत उखा जरा मागे, बंद दुकानाच्या शटरला टेकून उभा होता. अंगात तोच निळा शर्ट, फ्लाइंग स्कूलचा. खिशावरचा बिल्ला उसवून काढलेला, त्यामुळे तेवढा चौकोन बाकी शर्टापेक्षा गडद. साठीला आलेला माणूस. मुकादमाने एकेकाच्या दंडाकडे बघत सात-आठ जण टेम्पोत चढवले, उखाकडे पाहिलं आणि पुढे सरकला. तेव्हा उखाने मान वळवली. सिग्नलकडे, गाड्यांकडे, मग सरळ तिच्याकडे. त्याचा हात कमरेपासून थोडा वर आला. आणि नूतनने हेल्मेटची काच खाली ओढली.

एवढंच झालं. हिरवा दिवा लागला, मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला, ती निघाली. उन्हासाठी काच ओढली असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, पण ऊन पाठीवर होतं. पुलावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की काचेच्या आत आपल्याच श्वासाची वाफ धरली आहे आणि कान तापले आहेत. हा माणूस कधीतरी भेटणार हे तिला तीन महिने माहीत होतं. सुरत मोठं असेल, पण खानदेशातून आलेल्यांचं सुरत काही एवढं मोठं नाही. डिंडोली, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान. कुणाच्या हळदीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, भाजीच्या गाडीशी, कुठे ना कुठे समोर येणारच. आला तर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. 'कैसे हो काका' असं काहीतरी, गाडी न थांबवता. काच ओढायची असं काही ठरवलेलं नव्हतं. हात आपला आपण वर गेला होता, आणि तो इतक्या सफाईने गेला की ही त्याची जुनी सवय असावी असं तिला वाटलं. तीच गोष्ट तिला लागली.

नूतन विमानतळाच्या एका कोपऱ्यातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करत होती. चार लहान विमानं, एक पत्र्याचा हँगर, उड्डाण शिकायला येणारी पंचवीस-तीस मुलं. तिच्या वरती चीफ इंजिनिअर देसाईसाहेब, आणि खाली उखा, म्हणजे हेल्पर. विमानं धुवायची, चाकांना ठोकळे लावायचे, हत्यारं आणून द्यायची, संध्याकाळी टेबल आवरायचं. उखाने बावीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली होती. कान मंद झाले होते, पण नजर शाबूत होती. उडालेला धागा शोधत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर. पंखाखाली तेलाचा थेंब सुटला तर तो पहिल्यांदा त्याला दिसायचा. नूतन पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हा तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव त्याने अक्षरं जुळवत वाचलं आणि सगळ्यांसमोर हसून खानदेशी बोलीत विचारलं, "पाटीलनी पोर का तू? कोनतं गाव तुन्हं, माय?" आजूबाजूला देसाईसाहेब होते, शिकायला आलेली मुलं होती. नूतन हिंदीत म्हणाली, "मैं यहीं की हूँ. सुरत की." तेही खोटं नव्हतं. ती लिंबायतला जन्मली होती. तिची खोटी वाक्यं बहुधा खोटी नसत.

शाळेतही असंच झालं होतं. नववीत एक फॉर्म आला, गुजरातीतून भरायचा. मातृभाषेच्या रकान्यात तिने 'गुजराती' लिहिलं आणि वडिलांच्या सहीसाठी कागद घरी आणला. बळीराम, तिचे वडील, रात्रपाळी करून नुकतेच आले होते; भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव. त्यांना गुजराती वाचता यायचं नाही. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, फॉर्म मांडीवर सरळ केला आणि विचारलं, "सगयं बरोबर लिखं ना, बेटा?" ती हो म्हणाली. मग त्यांनी जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत सही केली आणि कागद चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी परत दिला. ती सही तिला आता आठवली, डुमस रस्त्याच्या वळणावर, काहीच कारण नसताना. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांना कधीच कळलं नाही. कळलं असतं तरी ते काही बोलले नसते, आणि हे तिला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच तिने लिहिलं होतं.

आणि जानेवारीतली ती दुपार. लहान विमानात पायलटच्या समोर एक गोल तबकडी असते. वर आभाळाचा निळा रंग, खाली जमिनीचा तपकिरी, मधे आडवी रेघ. बाहेर धुकं दाटलं, खालचं वरचं काही दिसेना, तरी आपण सरळ आहोत की कललो आहोत हे ती रेघ सांगते. तिच्या मागे एक भोवरा असतो आणि तो हवेच्या ओढीवर फिरतो. ही ओढ इंजिनाला जोडलेला पंप नळीतून देतो. त्या नळीत मुठीत मावेल एवढा एक फिल्टर बसवतात. धूळ, रबराचे कण, कसकसला कचरा पंपात जाऊ नये म्हणून. आणि पंपाच्या पोटातल्या कोळशाच्या पात्या कधी मोडल्या तर त्यांचा चुरा उलटा भोवऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून. दिसायला काहीच नाही, एक डबी आणि आत घड्या घातलेला कागद. ठरलेल्या तासांनी ती काढायची, नवी लावायची, तपासणीच्या कागदावर 'बदलला' लिहायचं, खाली सही. पण जागा अवघड असते. तबकडीच्या मागे, पाय ठेवतात त्या अंधाऱ्या बोळकांडीत, उताणं झोपून हात वर घालावा लागतो.

नूतन तशीच उताणी पडली होती. बाहेर पंखाशी पल्लवी उभी होती, शिकणारी मुलगी, एकोणीस वर्षांची. तिचे वडील अमरावतीकडचे, पांडेसऱ्यात रंगाचं दुकान. पल्लवी कुणाशीही बिनदिक्कत मराठीत बोलायची, उखाला 'काका' म्हणायची, त्याच्या डब्यातली भाकरी मागून खायची. तिने नूतनला विचारलं, "ताई, तुम्ही मराठी ना?" आणि नूतन आतूनच म्हणाली, "नहीं रे, हम तो सुरती." त्याच वेळी उखा बॅटरी धरून आत वाकला. उजेड फिल्टरवर पडला. त्याचा मंद कान. त्यामुळे त्याचा आवाज नेहमीच मोठा, सबंध हँगरला ऐकू जाणारा. "माय, हाऊ ते पुरा काया पडी गया. बदली टाक वं."

पल्लवी हसली. वाईट हसली नाही, एखादी गंमत कळल्यावर हसतात तशी. नूतनच्या अंगावरून गरम पाणी ओतल्यासारखं झालं. ती उताणी, तोंडावर धूळ, आणि ह्या म्हाताऱ्याने तिला आईच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं होतं. ती म्हणाली, "आप अपना काम करो. मुझे पता है क्या बदलना है." उखाने बॅटरी तिच्या हाताशी ठेवली आणि तो मागे सरकला. ती अजून दोन मिनिटं तशीच पडून होती. फिल्टरची काळी डबी तिच्या नाकासमोर होती. तिने डबीला हात लावला नाही. बाहेर येऊन कपडे झटकले, कागदावर 'बदलला' लिहिलं, सही केली. नवा फिल्टर पिशवीसकट तिच्या ड्रॉवरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या लायसन्सच्या परीक्षेची रजा होती. तीन महिने ती स्वतःला परीक्षाच सांगत आली: घाई होती, डोक्यात पेपर होते, आल्यावर लावू म्हटलं, राहून गेलं. राहून गेलं हेही खरं. पण आज, हेल्मेटची काच वर न करता गाडी चालवताना, तिला ती दोन मिनिटं जशीच्या तशी दिसली. घाई नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, अख्खी दुपार मोकळी होती. उखाने सांगितलं म्हणून तिने बदलला नाही. त्या भाषेत, पल्लवीसमोर सांगितलं म्हणून. बदलला असता तर त्याचं ऐकल्यासारखं झालं असतं.

नूतन परीक्षेहून आल्यावर आठवड्याने पल्लवी त्याच विमानात एकटी उडाली. सकाळचा गढूळ धुरकटपणा, खाली समुद्र, समुद्राला आणि आभाळाला एकच राखाडी रंग. फिल्टरचा तुंबलेला कागद फाटला, त्याचे तुकडे पंपात ओढले गेले, पात्या मोडल्या. भोवरा मंदावत गेला आणि तबकडीतली रेघ हळूहळू, लक्षातही येऊ नये अशी, उजवीकडे झुकायला लागली. रेघ सरळ करायला पल्लवी विमान वळवत राहिली. रेघ सरळ दिसली तेव्हा विमान कललं होतं आणि खाली चाललं होतं. मग तिला एक मासेमारीची होडी दिसली, खिडकीच्या भलत्याच कोपऱ्यात, भिंतीला चिकटवल्यासारखी. त्या होडीवरून तिने खालचं वरचं ओळखलं, विमान सावरलं आणि किनारा धरून ती परत आली. उतरल्यावर तिला पट्टा सोडवता येईना. बोटं चालेनात. उखा पंखावर चढला आणि त्याने पट्टा सोडला. नूतन हँगरच्या दारात उभी होती. ती जवळ गेली नाही, कारण काय झालं असणार ते तिला तेव्हाच कळलं होतं.

देसाईसाहेबांनी संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेपर पसरून त्यावर तो फिल्टर ठेवला होता, काळा, मधोमध चिरलेला. शेजारी तपासणीचा कागद: 'बदलला', तिची सही, तिच्या सहीखाली साहेबांची. "आ तो जूनुं छे," साहेब म्हणाले. "ते नवुं नाख्युं'तुं ने?" हा तर जुना, तू नवा घातला होतास ना, एवढंच ते विचारत होते; तेव्हा तिला 'नाही' हा एकच शब्द बोलायचा होता. तिने चिरलेल्या फिल्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "टेबल तो उखाए साफ कर्युं'तुं." खोटं नव्हतं. टेबल रोज उखाच आवरायचा. पुढचं साहेबांनी स्वतः पुरं केलं, जवळजवळ सुटल्यासारखे होऊन: म्हणजे जुना-नवा एकत्र झाला, नवा गेला कचऱ्यात आणि तू जुनाच परत लावलास. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून उखा कामावर नव्हता, त्याला काढलं होतं. जाताना तो तिच्यापाशी आला होता, बॅटरी परत द्यायला. बॅटरीतले सेल नवे घातलेले होते.

विमानतळाचं वळण आलं आणि नूतन वळली नाही. पुढे जाऊन तिने गाडी फिरवली, आल्या रस्त्याने मागे, पांडेसरा ओलांडून भेस्तानकडे. उखाचं घर तिला माहीत नव्हतं. रेल्वेच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी, एवढं तो कधी बोलण्यात म्हणालेला. टाकीपाशी विचारलं तर एका बाईने लगेच दाखवलं. एक खोली, दारात तुळस लावलेला तेलाचा डबा. आत उखाची बायको सुभद्राबाई साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. मांडीवर जांभळी साडी, बोटांना गोंद. नूतनने नाव सांगितलं. बाईचा चेहरा एकदम उजळला. "नूतन? ये माय, ये, बठ. त्या नाक्यावर गयात. काम भेटनं नही ते आते येतीन." तिने साडी बाजूला सारली, चटई टाकली, पाणी दिलं, गॅसवर चहा ठेवला. आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "त्यास्नी सांगं माले सगयं. तुनी त्यासनी बाजू लिधी, सायेबशी भांडनी. आपली पोर शे म्हने, म्हनीसन बोलनी. आजना जमानामा कोन बोलस, माय?"

नूतनच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. क्षणभर तिला वाटलं, हे असंच राहू द्यावं. चहा प्यावा, पायांना हात लावावा, निघावं. ह्या खोलीत आपली एक बरी नूतन आहे, तिला कशाला मारायचं. मग तिला कळलं की सुभद्राबाई मागे वळून वाट बघते आहे, काहीतरी विचारलं आहे. "परत बलायं का त्यास्ले? तू तेच सांगाले उनी ना?"

दारात उखा आला. चपला काढताना त्याने स्कूटर पाहिली असणार, कारण आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. डबा कोपऱ्यात ठेवला. तिला म्हणाला, "कैसे हो मॅडम? घर में सब ठीक?" हिंदीत. ती उठून उभी राहिली होती. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आईच्या घरातली भाषा आली, न वापरलेली, अडखळणारी. "काका, मी बदलं नही व्हतं. तुम्ही सांगं तरी मी बदलं नही. नवा फिल्टर मन्हा ड्रॉवरमाच शे. आनि सायेबले मी तुम्हनं नाव सांगं." सांगताना त्यात परीक्षेचंही आलं. का आलं कोण जाणे, पण आलं, आणि ते ऐकताना तिला स्वतःचाच राग आला.

सुभद्राबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही ते म्हनेत, ती भांडनी तुम्हनासाठी."

उखा खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून तो जमिनीवरच्या टिकल्या बघत होता. "मंग काय सांगतू तुले?" तो बायकोला म्हणाला. "आपलीच पोरनी मन्हं नाव पुढे करं, आसं सांगतू?"

चहा वर आला. सुभद्राबाईने गॅस बंद केला. पातेलं तिथेच राहिलं. तिने कप काढले नाहीत. परत येऊन साडी मांडीवर घेतली आणि टिकली उचलली. टिकली वाकडी बसली, तिने ती काढून पुन्हा चिकटवली. ती नूतनकडे पुन्हा बघणार नाही हे नूतनला कळलं, आणि शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असंही वाटलं. नूतन म्हणाली, मी आता जाऊन साहेबांना लिहून देते, तुम्हाला परत घेतील. उखाने मान हलवली, नको अशी. मग, जणू हाच खरा प्रश्न इतके दिवस त्याच्याजवळ पडून होता, तसं विचारलं, "त्या पोरनं काय व्हयनं? पल्लवीनं. उडस का ती आते?"

नूतनला माहीत नव्हतं. पल्लवी फेब्रुवारीपासून आली नव्हती. उड्डाणांच्या फळ्यावरून तिचं नाव पुसलं गेलं तेव्हा नूतनला फक्त हलकं वाटलं होतं, समोर बघायला नको म्हणून. तीन महिने ती उखापासून लपत होती. जी मुलगी समुद्रात गेली असती तिचा विचार तिने केलाच नव्हता. "माहीत नही," ती म्हणाली. उखाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. धागा तुटला की लूम थांबवून बघतात, कुठे तुटला, तसं काहीतरी होतं. "तिना हात निस्ता कापी राहिंता," तो म्हणाला. "पट्टा सुटे नही. तिले जाई सांग पहिले. मन्हं जाऊ दे."

हँगरमध्ये ती पोचली तेव्हा अकरा वाजले होते. ड्रॉवर उघडून फिल्टर काढला. पिशवीवर स्टोअरचा नंबर, जानेवारीची तारीख, पिशवी न फोडलेली. तो देसाईसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. पिशवीला त्यांनी हात लावला नाही. "फाइल बंद थई गई छे, नूतन," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जरा मायेनेच, "तने लायसन्स नथी जोईतुं?" लायसन्स नको का तुला, ते म्हणाले, आणि माझी सही खाली आहे. मी न बघता केली. तुझ्यावर विश्वास म्हणून केली. तिला वडिलांचे दोन्ही हात दिसले. तिने विचारलं, पल्लवीला काय सांगितलं होतं? साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, पंप उतरल्यावर बंद पडला असं सांगितलं. वर असताना सगळं नीट चालू होतं असं. नाहीतर तिच्या बापाने पेपरात दिलं असतं, स्कूल बंद झाली असती, बाकीच्या मुलांचं काय?

"म्हणजे तिला वाटतं..."

"गभराई गई हती, बस. पहेली-पहेली वार थाय."

नूतनने बाहेरच्या टेबलावर बसून दोन पानं लिहिली. लिहिताना तिने परीक्षेचं वाक्य घातलं, खोडलं, पान फाडलं, पुन्हा लिहिलं. साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं असतं म्हणून एक प्रत ऑफिसच्या आवक रजिस्टरला लावून घेतली, नंबर टाकून शिक्का मारून घेतला, आणि एक प्रत विमान सुरक्षा विभागाच्या पत्त्यावर स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवली. ऑफिसातला क्लार्क नंबर टाकताना वाचत होता, वाचता वाचता त्याने वर पाहिलं, आणि मग खुर्ची किंचित मागे घेतली. साहेब निरोप देऊन गेले होते: उद्यापासून येऊ नकोस, कळवू. शूर असं काही वाटलं नाही. पोस्टाच्या पायऱ्यांवर ती पाच मिनिटं बसली. पंख्याचा, शिक्क्यांचा आवाज येत होता. आपण आज सकाळी काच ओढली नसती तर हे केलं असतं का, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर नाही असं आलं. म्हणजे हे प्रामाणिकपणाने झालं नव्हतं; एका लाजेवर दुसरी इतकी दाबून बसली की खालची बाहेर आली, इतकंच.

पांडेसऱ्यातलं रंगाचं दुकान तिला सापडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पल्लवी गल्ल्यावर होती. केस कापलेले, अंगात सैल कुडता, समोर रंगांच्या छटांचं पुस्तक. नूतनला बघून ती उठली नाही, पण तिचा हात गल्ल्याच्या कडेवर घट्ट बसला. "ताई? इकडे कशा?" आणि लगेच, घाईघाईने, "मी सोडलं हो ते. बाबांना मदत करते आता. माझ्याच्याने नाही होत ते, मला आधीच कळायला हवं होतं."

नूतनने मराठीत सांगितलं. ह्या खेपेला परीक्षा आली नाही. फिल्टर बदलला नव्हता, बदलला असं लिहिलं, तो वर असताना फाटला, पंप वर असतानाच गेला, तबकडी चुकीचं दाखवत होती.

पल्लवीने छटांचं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. मग अगदी हळू म्हणाली, "कोणत्या बाजूला?"

"काय?"

"रेघ. कोणत्या बाजूला झुकली होती?"

"उजवीकडे. नंतर मी तबकडी पाहिली तेव्हाही तशीच झुकलेली होती."

"उजवीकडे," पल्लवी म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना. मी म्हटलं होतं उजवीकडे गेली म्हणून. ते म्हणाले, तसं काही नव्हतं, तुला भास झाला. डॉक्टरकडे नेलं बाबांनी. कानाच्या डॉक्टरकडे, मग डोक्याच्या." तिचा श्वास लागला होता. "मी आंघोळ करताना डोळे मिटत नाही, ताई. साबण डोळ्यात गेला तरी मिटत नाही. मिटले की जमीन कलते. मला वाटतं, आपल्याला सरळ-वाकडं कळतच नाही. रस्ता ओलांडताना आईचा हात धरते मी. एकोणीस वर्षांची."

माफ कर हा शब्द नूतनच्या तोंडापर्यंत आला, पण तो उच्चारणं म्हणजे ह्या मुलीकडून आणखी काहीतरी मागणं झालं असतं. पल्लवी उठली. रडत नव्हती. दुकानाच्या मागच्या दाराशी गेली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "आई! बाहेर ये. लवकर ये." मग वळून म्हणाली, "तिला सांगा. तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी आपली समजूत घालतेय."

मंदाबाई पदराला हात पुसत आल्या. भुवया चढवून त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग ह्या निळ्या युनिफॉर्ममधल्या बाईकडे. नूतनने पुन्हा सांगितलं. आता ते फारच छोटं झालं होतं. "काकू, पल्लवीची काही चूक नव्हती. तिने नीट चालवलं. यंत्र चुकलं, आणि ते माझ्यामुळे चुकलं. तिला जे दिसलं ते खरं होतं."

मंदाबाईंचे हात अजून पदरातच होते. "आणि तू इतके दिवस कुठं होतीस?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात एक माणूस दुकानात शिरला आणि म्हणाला, पांढरा प्रायमर, चार लिटर. पल्लवीने मागे वळून वरच्या फळीकडे पाहिलं. डबा उंचावर होता. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली, आणि कशालाही न धरता, दोन्ही हात वर करून डबा उतरवला. मंदाबाई एक पाऊल पुढे झाल्या आणि थांबल्या. माणसाने पैसे दिले, तो गेला. प्रश्न तसाच उभा होता. नूतनला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती गल्ल्यासमोर उभी राहिली आणि दोघींकडे बघत उत्तर द्यायला लागली, पहिल्यापासून.